पडद्याकडे पाठ असलेली खुर्ची

इंग्लंडात ब्रॅकनेलला मी ज्यांच्या घरी खोली घेऊन राहत होते, त्या काकांनी गॅरेजमध्ये होम सिनेमा केला होता. त्यात एकच खुर्ची होती आणि त्या खुर्चीची पाठ पडद्याकडे होती.

पहिल्यांदा ती खोली पाहिली तेव्हा मला वाटलं, व्हॅक्यूम करायला खुर्ची फिरवली असेल. मी काही विचारलं नाही. मी सहसा विचारत नाही. दुसऱ्या आठवड्यातही खुर्ची तशीच होती. तिच्या चारही पायांखाली कार्पेटवर पिवळ्या चिकटपट्टीच्या खुणा होत्या, म्हणजे ती तिथेच असायला हवी होती. भिंतींवर गोधड्या टांगलेल्या होत्या. काकूंच्या माहेरच्या, जुन्या नऊवारींच्या. आवाज भिंतीवर आपटून परत येऊ नये म्हणून. काकू म्हणायच्या, "माझ्या आईने थंडीसाठी दिल्या होत्या. इंग्लंडात आल्या आणि गॅरेजला पांघरल्या."

खुर्चीभोवती स्पीकर होते. दोन समोर, एक त्यांच्या मधे, दोन बाजूंना, दोन मागे. शिवाय कोपऱ्यात जमिनीवर एक खोका, ज्यातून फक्त घुमणारा आवाज यायचा. प्रत्येक स्पीकरपासून खुर्चीच्या डोक्यापर्यंत सुतळी ताणलेली. वर छताला ओळंबा. स्पीकरबरोबर आलेलं बुकलेट भिंतीवर टाचणीने लावलेलं होतं. त्यातल्या चित्रात एक हसरं कुटुंब टीव्हीकडे तोंड करून सोफ्यावर बसलं होतं आणि कुठला स्पीकर कुठे ठेवायचा ते बाणांनी दाखवलं होतं. काकांनी त्या चित्रातली प्रत्येक गोष्ट नीट वाचून, समजून घेऊन, उलटी केली होती.

काका उंच आणि किडकिडीत होते. टेलिफोनच्या एका कंपनीतून इंजिनीअर म्हणून निवृत्त झालेले. चालताना त्यांच्या पावलांचा आवाज यायचा नाही. त्याहून विचित्र म्हणजे ते कधी कुणाच्या समोर उभे राहायचे नाहीत. बोलायचं असेल तर बाजूने यायचे, खांद्याच्या जरासे मागे, आणि तिथून हळू आवाजात बोलायचे. सुरुवातीला मी दचकायचे. किचनमध्ये तर त्यांची जागाच ठरलेली होती, फ्रीज आणि दार यांच्या मधली फट.

मी नाशिकची, पण शिकले इंग्लिश मीडियममध्ये. माझं मराठी घरातलं होतं. जेवण, झोप, आजारपण एवढ्यापुरतं पुरायचं. त्या किचनमध्ये उभी राहून मी आईशी फोनवर बोलायचे आणि मधेच अडायचे.

"आई, इथली हवा अशी, म्हणजे, कपडे वाळतच नाहीत, अशी एकदम..."

"दम..." फ्रीजजवळून.

"दमट," मी म्हणायचे.

"कोण बोललं गं?" आई.

पूर्ण शब्द ते कधीच द्यायचे नाहीत. फक्त सुरुवात. बाकीचा मी उच्चारायचा. त्यामुळे तो शब्द मला माझाच वाटायचा. एकदा धीर करून मी विचारलं, "काका, तुम्ही पूर्ण का सांगत नाही?"

"पूर्ण सांगितलं की माणूस घाबरतो," ते म्हणाले. "त्याला वाटतं, आपल्याला काहीच येत नाही. त्याला येत असतं. नुसता धक्का द्यायचा असतो."

हे ते सगळ्यांनाच करायचे. सुपरमार्केटमधली बाई "डू यू नीड अ..." म्हणून पावती फाडायला थांबली की हे हळूच "बॅ..." म्हणायचे. दवाखान्यातला डॉक्टर स्क्रीनकडे बघत औषधाचं नाव आठवायला लागला की हे खुर्चीत पुढे झुकून पहिलं अक्षर पुरवायचे. काकूंना याचा भयंकर वैताग होता.

"अहो, माणसाला त्याचं त्याचं अडकू द्या की जरा! प्रत्येकाला काय टेकू लावत सुटता?"

"अडकलेलं बघवत नाही मला," काका म्हणायचे.

तेव्हा मला वाटायचं, हा स्वभाव आहे. नंतर कळलं की ती त्यांची कला होती.

मी त्यांच्या कामात आले ती माझ्या गप्प राहण्यामुळे. स्पीकर हलवायचा तर एका माणसाने स्पीकरजवळ पाहिजे आणि एका माणसाने खुर्चीत. काकूंनी खुर्चीत बसायला साफ नकार दिला होता. "मी ते अख्खं आयुष्य ऐकलंय," म्हणाल्या. एका शनिवारी सकाळी मी वॉशिंग मशीनमधून कपडे काढत होते, तेव्हा काका माझ्या डाव्या खांद्यामागे येऊन उभे राहिले.

"तुला पाच मिनिटं आहेत का? काही बोलायचं नाहीये. फक्त ऐकायचंय."

काही बोलायचं नाहीये, हे ऐकून मी लगेच हो म्हटलं.

काम सोपं होतं. डोळे मिटून बसायचं. आवाज येईल त्या दिशेला हात करायचा. मग ते स्पीकर बोटभर सरकवायचे, जरा आत वळवायचे, उंची बदलायचे, आणि पुन्हा. समोरच्या स्पीकरमधून माणसांचा खोकला यायचा, खुर्च्या सरकायच्या, कुठेतरी एक मूल कुरकुरायचं. मागून, म्हणजे पडद्याच्या बाजूने, बायकांचं आणि पुरुषांचं बोलणं यायचं, नाटकातल्यासारखं. आणि बाजूच्या एका स्पीकरमधून एकच शब्द यायचा. दबलेल्या पुरुषी आवाजात.

"आईला."

बाकीचे लोक स्पीकर तपासायला गाणी लावतात. हेलिकॉप्टरचे सीन लावतात. काका "आईला" लावायचे. पुन्हा पुन्हा. भिंत लागून असलेल्या शेजारच्या घरातल्या इंग्रज म्हातारीने काकूंना एकदा विचारलं होतं, तुमच्याकडे आयला नावाची मुलगी राहते का? काकूंनी सांगितलं, "हो, राहते. गॅरेजमध्ये. माझी सवत आहे." इंग्रजीत सवतीला काय म्हणतात ते त्यांना आठवेना आणि तेव्हा नेमके काका बाजूला नव्हते, म्हणून ते वाक्य अर्धं मराठीतच राहिलं.

"तू बोलत नाहीस हे फार बरं आहे," काका मला म्हणाले होते. "बोलणारी माणसं ऐकत नाहीत."

हे मला कुणी चांगलं म्हणून सांगितल्याचा तो पहिलाच प्रसंग होता. ऑफिसमध्ये माझ्या मॅनेजरने ते सुधारण्याच्या गोष्टींमध्ये लिहिलं होतं.

हा सगळा खटाटोप कशासाठी, ते मला काकूंकडून कळलं. आम्ही दोघी रविवारी चादरींच्या घड्या घालत होतो. काकूंनी एक टोक धरून सांगितलं, मी दुसरं टोक धरून ऐकलं.

पूर्वी इथलं मराठी मंडळ दरवर्षी तीन अंकी नाटक करायचं. शाळेचा हॉल भाड्याने घ्यायचे, हौशी माणसं, नोकऱ्या सांभाळून तालमी. काका त्यात प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता, आणि नट अडला की पुढचा शब्द पुरवायचा. सगळे म्हणायचे, असा प्रॉम्प्टर मुंबईतसुद्धा मिळायचा नाही. नट अडायच्या आधीच यांना कळायचं. "श्वासावरून," काकू म्हणाल्या. "माणूस अडणार असला की आधी श्वास चुकतो म्हणे."

आणि नाटकाचा नायक म्हणजे काकांचा मित्र. काकू त्यांना "हिरो" म्हणायच्या, टोमणा म्हणून, पण त्यात माया होती. दोघं एकाच वर्षी या देशात आले. स्लाउमध्ये एका खोलीत राहिले. दोघांत मिळून हिवाळ्याचा एकच चांगला कोट होता आणि एक दिवसपाळीला आणि दुसरा रात्रपाळीला असल्यामुळे तो पुरायचा. "माझ्या लग्नाच्या फोटोत यांच्या अंगावर कोट आहे ना," काकू म्हणाल्या, "त्या दिवशी हिरो नुसत्या स्वेटरवर हिंडत होते."

ते शेवटचं नाटक मंडळातल्याच एकाने लिहिलेलं होतं. परदेशात राहणाऱ्या मुलाची गोष्ट. दुसऱ्या अंकाच्या शेवटी फोन वाजतो, नायक तो उचलतो, ऐकतो आणि एकच वाक्य म्हणतो. "आईला सांगा, मी निघालोय." पडदा.

फोन वाजला. हिरोंनी उचलला. आणि ते उभेच राहिले.

"किती वेळ?" मी विचारलं. मी सहसा विचारत नाही.

"बाई, काय सांगू. अख्खा हॉल गप्प. मग मुलं हसायला लागली. मागून कुणीतरी ओरडलं, अरे बोला की हो! शेवटी कुणीतरी पडदा ओढला."

मध्यंतरात शाळेच्या किचनमध्ये सगळे जमले. समोशांचे ट्रे मांडलेले होते. सगळे हिरोंना विचारायला लागले, काय झालं, काय झालं? तेव्हा हिरो सगळ्यांसमोर म्हणाले, "प्रॉम्प्टर झोपला होता."

एवढंच. लोक हसले. हौशी नाटकात असं होतंच. पण काकांनी संहिता तिथेच ट्रेच्या बाजूला ठेवली आणि ते घरी निघून गेले. तिसरा अंक प्रॉम्प्टरशिवाय झाला. पुढे कितीतरी वर्षं मंडळात कुणी जांभई दिली तरी लोक म्हणायचे, प्रॉम्प्टर होणार वाटतं. हिरो लवकरच एडिनबराला गेले, तिथल्या हॉस्पिटलच्या फार्मसीत. दोघं पुन्हा बोलले नाहीत.

"आणि ते झोपले होते का?" मी विचारलं.

"हे? झोपतात कुठे? रात्रीसुद्धा झोपत नाहीत नीट." काकूंनी चादरीचं टोक माझ्या हातात दिलं. "तीनदा सांगितलं यांनी त्यांना. पहिल्यांदा नुसतं 'आईला'. मग 'आईला सांगा'. मग अख्खं वाक्य. टेपवर आहे."

त्या प्रयोगाची व्हिडिओ टेप होती. कॅमेरा हॉलच्या मागच्या बाजूला होता, पण माइक लांब वायरने पुढे आणून नेमका काकांच्या विंगेजवळ ठेवलेला होता. स्टेजच्या मागे हीटरचा मोठा पंखा घरघरत होता. काकांचं म्हणणं असं की त्या पंख्यामुळे त्यांचा आवाज मित्रापर्यंत पोचला नाही. म्हणजे प्रॉम्प्टर झोपलेला नव्हता आणि नटानेही खोटं सांगितलं नव्हतं. चूक कुणाचीच नव्हती, पंख्याची होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटरवर ती टेप घेतली, पंखा पुसून काढला, एकेक आवाज वेगळा केला आणि प्रत्येक आवाजाला त्याचा स्पीकर दिला. मित्राला एकदा त्या खुर्चीत बसवायचं. तो स्टेजवर जसा उभा होता तसंच त्याला सगळं ऐकू यायला हवं. समोर प्रेक्षक, मागे नेपथ्य, बाजूला विंग. म्हणून खुर्चीची पाठ पडद्याकडे. नाटक प्रेक्षकांच्या समोर असतं. नटाच्या समोर प्रेक्षक असतात.

म्हणजे तो होम सिनेमा एका माणसासाठी होता, आणि त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

टेप मी एकदाच पाहिली, तीसुद्धा उभी राहून, कारण खुर्ची फिरवायची सोय नव्हती. चित्र फिकट झालेलं. हिरो तेव्हा तरुण, काळ्याभोर केसांचे, उजव्या कानाला फोन लावलेला. मी बघत राहिले. काका त्या टेपकडे बघायचे ते कानांनी. मी डोळ्यांनी बघत होते, म्हणून मला दिसलं.

मला ते सांगायला तीन-चार दिवस लागले. शेवटी जिन्यात गाठून म्हटलं, "काका, तुमचा स्पीकर चुकीच्या बाजूला आहे."

ते थांबले.

"टेपमध्ये तुमची विंग उजवीकडे दिसते. म्हणून तुम्ही तो खुर्चीच्या उजव्या हाताला लावलाय. पण ते तर आपल्याकडे तोंड करून उभे आहेत. त्यांच्यासाठी ती..."

"डावी," काका म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी मला पूर्ण शब्द दिला. मग ते पायरीवर बसले आणि हसायला लागले. पस्तीस वर्षं टेलिफोनच्या वायरी ओढल्या आणि डावं-उजवं कळलं नाही, असं काहीसं ते काकूंना हाका मारून सांगत होते. काकू वरून म्हणाल्या, "लग्नात पण माझ्या चुकीच्या बाजूला उभे होते."

"तुला कसं कळलं पण?" त्यांनी मला विचारलं.

"ते त्यांच्या डावीकडे बघतात. तुम्ही पहिल्यांदा 'आईला' म्हणता ना, तेव्हा. फक्त डोळे."

काका गंभीर झाले. "वाट बघत होता बिचारा. माझ्या शब्दाची."

"ऐकू आलं असेल म्हणूनही बघितलं असेल," मी म्हटलं.

"छे. ऐकू आलं असतं तर बोलला नसता का? ऐकून कुणी गप्प बसतं का?"

मी काही बोलले नाही. ऐकून गप्प बसणारी माणसं असतात. पण हे बोलून दाखवायचं तर मीच त्यातली राहिले नसते.

हिरोंना बोलावलं काकूंनीच. त्या वर्षी मंडळाच्या गणपतीला ते एडिनबराहून येणार होते, भाचीकडे उतरणार होते, असं कुणीतरी व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं. काकूंनी सरळ फोन लावला. काकांना सांगितलं ते आदल्या दिवशी, पोळ्या लाटता लाटता.

"उद्या दुपारी चहाला येतायत तुमचे हिरो. संपवा एकदाचं ते. मला माझ्या गोधड्या हव्यायत."

काकांनी त्या संध्याकाळी सगळ्या स्पीकरची अंतरं पुन्हा मोजली. दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून खुर्चीत होते. सगळं बरोबर होतं. पहिला "आईला" इतका स्वच्छ येत होता की कुणीतरी खरंच स्टुलावर बसलंय असं वाटायचं. माझा हात आपोआप डावीकडे जायचा.

हिरो आले. बुटके, गोल झालेले, केस पांढरेशुभ्र. आवाज मात्र अजून सगळ्या घरात भरणारा. आणि दोन्ही कानांत श्रवणयंत्रं.

काकांनी ती पाहिली. बोटभर सरकवलेले स्पीकर, सुतळ्या, ओळंबा, सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून गेलं.

"या, या," काकू म्हणाल्या. "कानात काय घालून आलात? आमचं बोलणं ऐकायला लागू नये म्हणून बोळे?"

"उलट आहे, वहिनी. याच्याशिवाय काही ऐकू येत नाही. आणि याच्यासकट ऐकण्यासारखं काही नसतं."

काका हसले नाहीत. "चल," म्हणाले. "आधी ते."

गॅरेजमध्ये आम्ही चौघं. मी दारात उभी होते, रिमोट माझ्याकडे होता. हिरोंनी गोधड्यांकडे पाहिलं, स्पीकरकडे पाहिलं, उलट्या खुर्चीकडे पाहिलं. आतापर्यंत त्या खोलीत माझ्याशिवाय आलेल्या प्रत्येक माणसाने खुर्ची उलटी का, असं विचारलं होतं. त्यांनी विचारलं नाही. एका नजरेत त्यांना स्टेज कळलं.

"बस," काका म्हणाले.

"मी बसलेलो नव्हतो रे तेव्हा." खुर्ची बाजूला सरकवून ते पिवळ्या खुणांच्या मधे उभे राहिले. काकांनी सगळे स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला लावले होते. त्यांनी एकदा तोंड उघडलं आणि मिटलं.

मी बटण दाबलं.

खोकला आला. खुर्च्या सरकल्या. मूल कुरकुरलं. मागे फोन वाजला आणि थांबला. मग शांतता. इतकी मोठी शांतता त्या खोलीत मी आधी ऐकली नव्हती, कारण आम्ही नेहमी ती पुढे सरकवून सरळ शब्दावर जायचो.

"आईला."

हिरोंचे डोळे डावीकडे गेले. टेपवर गेले होते तसेच.

"आईला सांगा."

त्यांनी डोळे मिटले.

"आईला सांगा, मी निघालोय."

त्यांचा हात वर झाला. मला वाटलं, ते दिशा दाखवतायत. पण त्यांनी नुसता तळवा दाखवला, पुरे अशा अर्थाने. मी बंद केलं.

"बघ," काका म्हणाले. त्यांचा आवाज आनंदाने चिरकला होता. "तीनदा. पंखा होता रे मधे. तो पंखा नसता तर तुला—"

"ऐकू आलं होतं मला."

"आज नाही, तेव्हा—"

"तेव्हाच." हिरो खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. "तिन्ही वेळा आलं होतं. तुझा आवाज मला पंख्यातून ऐकू येणार नाही? एका खोलीत राहिलोय आपण."

काकांनी भिंतीवरची एक गोधडी उगाच सारखी केली.

"त्या दिवशी सकाळी भावाचा फोन आला होता. आई गेली म्हणून. सगळं उरकलंय, म्हणाला, आता येऊन काय करणार. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही प्रयोग रद्द केला असता आणि मी घरी बसून राहिलो असतो. त्यापेक्षा हॉलवर आलो. मेकअप केला. पहिला अंक केला, चांगला झाला. मला ते वाक्य आठवलंच नव्हतं. म्हणजे पाठ होतं, पण आठवलं नव्हतं की ते येणार आहे. फोन हातात घेतला तेव्हा आठवलं." ते थांबले. "आईला सांगा, मी निघालोय. कुणाला सांगा? कुठे निघालोय?"

"मग मला..." काकांचा श्वास चुकला. मलासुद्धा ऐकू आला. "मला का..."

"खाली आलो तर सगळे विचारायला लागले, काय झालं, काय झालं. काहीतरी सांगायला हवं होतं. तू समोर होतास."

हिरोंनी शब्दासाठी इकडेतिकडे पाहिलं आणि तो त्यांना सापडला नाही. काकांकडेही तो नव्हता. तेव्हा काकू म्हणाल्या, "चहा टाकते," आणि गेल्या. थोड्या वेळाने हिरो त्यांच्या मागोमाग गेले. दारात माझ्यापाशी थांबून, पण माझ्याशी नाही, ते म्हणाले, "आवाज चांगला होता तुझा. पहिल्यापासून."

काका त्या पिवळ्या खुणांच्या मधे उभे होते. मी रिमोट खुर्चीवर ठेवला.

"मला वाटलं त्याला ऐकू येत नाहीये," ते म्हणाले. मला की कुणाला, कोण जाणे. "म्हणून मी मोठ्याने सांगितलं. परत आणखी मोठ्याने. तो उभा होता तिथे आणि मी त्याला... तीनदा." त्यांनी डावीकडच्या स्पीकरकडे पाहिलं. "आणि आज परत."

चहा सगळ्यांनी घेतला. हवेबद्दल बोलले, गुडघ्यांबद्दल बोलले. हिरोंना ट्रेन पकडायची होती. काका त्यांना स्टेशनवर सोडायला गेले आणि बराच वेळ आले नाहीत. काय बोलले, बोलले की नाही, ते मला माहीत नाही. आता कधीकधी एडिनबराहून फोन येतो, असं काकू कळवतात. काका दोन मिनिटं बोलतात आणि काकूंच्या हातात फोन देतात. माणूस परत मिळाला, पण ज्याच्याशी सगळं बोलता यायचं तो नाही मिळाला, असं मला वाटतं. कदाचित मी जास्त समजतेय.

पुढच्या आठवड्यात ऑफिसमधून आले तर गॅरेजमधली खुर्ची गेली होती. तिथे एक दोन माणसांचा सोफा होता, पडद्याकडे तोंड केलेला. सुतळ्या काढल्या होत्या. स्पीकर बुकलेटमधल्या चित्रात दाखवलेत तिथे होते. गोधड्या धुऊन लाइनवर वाळत होत्या आणि, अर्थात, वाळत नव्हत्या. काकू त्या खोलीत बसून मालिका बघायला लागल्या. सासूचा आवाज मागून येतो, म्हणाल्या, अगदी खऱ्यासारखा.

आणि काका गप्प झाले. म्हणजे बोलायचे, पण कुणाला शब्द द्यायचे नाहीत. सुपरमार्केटमधली बाई "डू यू नीड अ..." म्हणाली की ते तिच्याकडे बघत थांबायचे, तिचं वाक्य तिने पुरं करेपर्यंत. मी किचनमध्ये आईशी बोलताना अडले तर फ्रीजजवळची फट रिकामी असायची. काकूंनी इतकी वर्षं मागितलेलं शेवटी त्यांना मिळालं होतं. एकदा त्या स्वतःच मसाल्याच्या डब्यासमोर उभ्या राहून काहीतरी आठवत होत्या, काका टेबलाशी होते, आणि त्या म्हणाल्या, "अहो, सांगा की!" काकांनी मान हलवली. "तुला येईल," एवढंच म्हणाले.

मला ब्रिस्टलला नोकरी मिळाली. निघाले तेव्हा टॅक्सी दारात होती, बॅगा आत गेल्या होत्या, काकूंनी लाडवांचा डबा माझ्या हातात कोंबला होता. काका माझ्या समोर येऊन उभे राहिले. बाजूला नाही, खांद्यामागे नाही. समोर. मी त्यांचा चेहरा असा सरळ क्वचितच पाहिला होता.

मला त्यांना नुसतं थँक यू म्हणायचं नव्हतं. मी रात्रभर एक वाक्य मराठीत जुळवून ठेवलं होतं.

"काका," मी म्हटलं, "तुमच्यामुळे मला..."

आणि पुढचा शब्द गेला.

मी त्यांच्या ओठांकडे पाहिलं. ते किंचित उघडले. पहिलं अक्षर तिथे होतं, मला दिसलं. मग त्यांनी ते मिटले आणि माझ्याकडे बघत थांबले, जितका वेळ लागेल तितका वेळ.

तो शब्द मला अजून सापडलेला नाही. त्यांना तो माहीत होता.